ओझ्याचे सोंग : विजेच्या मोटारींची परीक्षा आणि भाराचे अनुकरण

विजेची मोटार मोकळी फिरवून पाहिल्याने तिच्याविषयी फारच थोडे कळते. मोकळ्या शाफ्टला बेअरिंगमधील घर्षण आणि मोटारीच्या स्वतःच्या पंख्याचा वारा एवढाच विरोध असतो, आणि तेवढा विरोध सुमार मोटारही सहज मोडून काढते. मोटारीचा, तसेच तिला हवी तशी वीज पुरवून तिचा वेग आणि जोर ताब्यात ठेवणाऱ्या ‘ड्राइव्ह’ नावाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा, खरा कस शाफ्टला यंत्र जोडल्यावरच लागतो. परंतु साखर कारखान्यातील सेंट्रिफ्युगल किंवा घाट चढणारे रेल्वे इंजिन मोटार बनवणाऱ्याच्या प्रयोगशाळेत आणून बसवता येत नाही, आणि कच्चा ड्राइव्ह थेट चालत्या कारखान्यात नेऊन लावणे कोणाच्याच हिताचे नसते. या पेचातून निघालेली वाट म्हणजे यांत्रिक भाराचे अनुकरण. परीक्षेच्या मोटारीच्या शाफ्टला दुसरी मोटार जोडायची आणि त्या दुसऱ्या मोटारीकडून पंप, लिफ्ट, मोटारगाडी किंवा सेंट्रिफ्युगल यांपैकी हव्या त्या ओझ्याचे सोंग वठवून घ्यायचे, ही तिची मूळ कल्पना होय.

ओझे किती आणि ओझे कसे

फिरत्या यंत्रातील ओझे टॉर्कने मोजतात. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी एक न्यूटन, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम वजनाइतका, दाब दिला की एक न्यूटन-मीटर टॉर्क होतो. टॉर्क आणि वेग यांच्या गुणाकारातून शक्ती मिळते, आणि न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटातील फेऱ्यांनी गुणून ९५५० ने भागले की ती किलोवॅटमध्ये येते. मोटारीच्या पाटीवर छापलेला आकडा एवढेच सांगतो. ओझ्याचा स्वभाव मात्र त्यातून कळत नाही.

हा स्वभाव यंत्रागणिक वेगळा असतो. पंख्याला आणि केंद्रोत्सारी पंपाला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग निम्मा केला की टॉर्क चौथ्या हिश्शावर आणि शक्ती आठव्या हिश्शावर येते. अशा यंत्रांना ड्राइव्ह बसवल्याने विजेची बचत होते ती याच कारणाने. लिफ्टचे किंवा क्रेनचे ओझे वेग कितीही असला तरी तेवढेच राहते, पाळणा अधांतरी थांबवला तरी ते कमी होत नाही, आणि खाली उतरताना तर तेच ओझे मोटारीला ओढू लागते. कागद किंवा कापड गुंडाळणाऱ्या यंत्रात रूळ जाड होत जातो तसा वेग कमी आणि टॉर्क जास्त होतो, पण शक्ती जवळपास तेवढीच राहते. दगडी जात्याचा पहिला फेरा जड जातो आणि पुढचे फेरे हलके होतात, कारण स्थिर पृष्ठभागांमधील घर्षण सरकत्या पृष्ठभागांमधील घर्षणापेक्षा मोठे असते. अशा ओझ्याला हलवताना मोटार आधी अडते आणि मग एकदम धक्का देऊन सुटते.

या सगळ्यांत चकवणारे ओझे म्हणजे जडत्व. जड चाक वेगाला विरोध करत नाही, तर वेगातील बदलाला करते. एका वेगाने फिरत असताना ते जणू नसतेच, पण वेग वाढवायचा म्हटले की ते टॉर्क मागते आणि कमी करायचा म्हटले की टॉर्क परत देते. ड्राइव्हमधील वेग-नियंत्रक हा वेग मोजून, चूक पाहून, टॉर्क बदलणारा गणिती नियम असतो. ओझ्याच्या जडत्वाशी तो नीट जुळला नाही तर वेग हव्या त्या आकड्यावर स्थिरावण्याऐवजी त्याच्या वरखाली झोके घेत राहतो. म्हणून केवळ ठरावीक किलोवॅट ओढणारे ओझे लावल्याने मोटार किती तापते हे कळेल, पण ड्राइव्ह भरवशाचा आहे की नाही हे कळणार नाही. त्यासाठी मोटारीच्या प्रत्येक हालचालीला खऱ्या यंत्रासारखे आणि खऱ्या यंत्राइतक्याच तत्परतेने उत्तर देणारे ओझे हवे.

लाकडी ठोकळ्यांपासून जुळ्या यंत्रांपर्यंत

यंत्राला मुद्दाम ओझे लावून त्याचा जोर मोजण्याची कल्पना विजेच्या मोटारीपेक्षा जुनी आहे. फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी १८२१ च्या सुमारास वापरात आणलेल्या ब्रेकमध्ये फिरत्या शाफ्टला लाकडी ठोकळे आवळून धरत आणि ठोकळ्यांना जोडलेल्या लांब दांड्याच्या टोकाला वजने टांगून तो दांडा आडवा ठेवत. टांगलेले वजन आणि दांड्याची लांबी यांवरून टॉर्क थेट मिळे. ठोकळे तापत आणि झिजत. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील मोठ्या वाफेच्या इंजिनांसाठी घर्षणाच्या जागी पाणी वापरणारा डायनामोमीटर मांडला, ज्यात फिरते चाक पाणी घुसळते आणि सारी शक्ती पाणी तापवण्यात खर्च होते. पुढे धातूच्या फिरत्या चकतीत चुंबकाने भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण करून तिला रोखणारे ब्रेक आले.

या सर्व साधनांची मर्यादा एकच : ती शक्ती गिळू शकतात, देऊ शकत नाहीत. पाणी घुसळणारे चाक मोटारीला रोखेल, पण उतारावरच्या गाडीसारखे मोटारीला पुढे ढकलणार नाही. शिवाय पाण्याचा किंवा भोवरा-प्रवाहाचा ब्रेक थांबलेल्या शाफ्टवर काहीच टॉर्क लावू शकत नाही, म्हणजे अधांतरी थांबलेल्या पाळण्याचे सोंग त्याला जमत नाही. जडत्वासाठी शाफ्टवर खरीखुरी लोखंडी फ्लायव्हील चढवण्याचा उपाय होता आणि काही ठिकाणी तो आजही आहे, पण चाके ठरावीक मापांचीच असतात आणि दर वेगळ्या यंत्रासाठी ती उतरवून पुन्हा चढवावी लागतात.

शक्ती घेणारे आणि देणारेही ओझे हवे असेल तर ते दुसरे विद्युत यंत्रच असायला हवे. जॉन आणि एडवर्ड हॉपकिन्सन या बंधूंनी १८८६ मध्ये सुचवलेली चाचणी याच विचाराची आहे. तिच्यात दोन सारखी डी.सी. यंत्रे शाफ्टला शाफ्ट जोडून एक मोटार म्हणून आणि दुसरे जनित्र म्हणून चालवतात, आणि जनित्राची वीज पुन्हा मोटारीलाच देतात, त्यामुळे बाहेरून फक्त दोन्ही यंत्रांतील नुकसान भरून काढावे लागते. आजचे टेस्ट बेंच हे या जोडीचेच पुढचे रूप आहे. त्यात परीक्षेची मोटार आणि भारमोटार यांचे स्वतंत्र ड्राइव्ह एकाच डी.सी. वाहिनीवर, म्हणजे सामाईक एकदिश विद्युतपुरवठ्यावर, बसवलेले असतात. मोटारीची कार्यक्षमता ९३ टक्के आणि ड्राइव्हची ९७ टक्के धरली, तर शाफ्टवर १०० किलोवॅट देण्यासाठी परीक्षेची बाजू सुमारे १११ किलोवॅट घेते आणि भारमोटारीची बाजू सुमारे ९० किलोवॅट परत करते, म्हणजे १०० किलोवॅटची परीक्षा २१ किलोवॅटच्या वीजपुरवठ्यावर तासन्‌तास चालवता येते.

असे बेंच अचूक चालू लागण्यासाठी आणखी एक गोष्ट जुळून यावी लागली. साध्या, दणकट इंडक्शन मोटारीचा टॉर्क डी.सी. मोटारीइतक्या झटकन आणि नेमका ताब्यात ठेवण्याची पद्धत, म्हणजे मोटारीतील प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र घडवणारा भाग आणि टॉर्क देणारा भाग असे गणिताने दोन भाग करून ते वेगवेगळे हाताळण्याची ‘व्हेक्टर नियंत्रण’ पद्धत, सत्तरच्या दशकाच्या आरंभी सीमेन्समधील फेलिक्स ब्लाश्के यांच्या कामातून पुढे आली, आणि स्वस्त वेगवान संगणकीय चिप मिळू लागल्यावर ती सर्वत्र रुळली. आज भारमोटारीला ‘आत्ता ४० न्यूटन-मीटर टॉर्क लाव’ असा हुकूम दिला, तर तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागात अमलात येतो. ओझ्याचे सोंग वठवणारा नट अशा रीतीने तयार झाला. त्याला काय वठवायचे ते सांगणारी संहिता संगणकातील गणिती प्रतिमान पुरवते.

साखर कारखान्यातील एक फेरा

हे प्रतिमान कसे असते, हे महाराष्ट्राला परिचित असलेल्या एका यंत्रावर पाहता येईल. उसाचा रस आटवून साखरेचे खडे आणि मळी यांचा जो घट्ट लगदा तयार होतो त्याला कारखान्यात मॅसेक्विट म्हणतात, आणि त्यातून साखर वेगळी करण्याचे काम सेंट्रिफ्युगल यंत्र करते. उभ्या अक्षाभोवती फिरणारी, जाळीदार भिंतींची मोठी टोपली हा त्याचा गाभा असतो. टोपली मंद वेगाने फिरत असताना तिच्यात मॅसेक्विट सोडतात, मग वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या घरात नेतात तेव्हा मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि साखर आत चिकटून राहते, पाण्याच्या फवाऱ्याने ती धुतली जाते, त्यानंतर टोपलीचा वेग पन्नासेक फेऱ्यांपर्यंत उतरवून खरवडीच्या पात्याने साखर खाली पाडतात, आणि लगेच पुढचा घाणा सुरू होतो. हे सारे काही मिनिटांत उरकते आणि गळीत हंगामभर रात्रंदिवस चालते, त्यामुळे मोटारीला सतत वेग घ्यावा लागतो आणि सतत ब्रेक लावावा लागतो.

उदाहरणादाखल भरलेल्या टोपलीचे जडत्व १००० किलोग्रॅम-वर्गमीटर धरावे. वेग २०० फेऱ्यांवरून १००० फेऱ्यांवर ५० सेकंदांत न्यायचा असेल, तर दर सेकंदाला वेगात सुमारे १.६८ रेडियनची भर पडायला हवी (एका फेऱ्यात ६.२८ रेडियन असतात), आणि त्यासाठी जवळपास १६८० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो; शेवटच्या क्षणी ही मागणी १७५ किलोवॅटपर्यंत पोहोचते. हजार फेऱ्यांवर टोपलीत साठलेली गतिज ऊर्जा सुमारे दीड युनिट भरते, आणि ब्रेकच्या वेळी ती तापून वाया न घालवता ड्राइव्हमार्फत वीज म्हणून परत घ्यायची असते.

आता हीच परीक्षा बेंचवर घ्यायची आहे, आणि तिथे टोपली नाही. दोन मोटारी आणि जोडणी मिळून बेंचचे स्वतःचे जडत्व १० किलोग्रॅम-वर्गमीटर आहे असे समजले, तर त्याच वेगवाढीसाठी बेंचला खरोखर लागणारा टॉर्क अवघा १७ न्यूटन-मीटर होतो. उरलेले सुमारे १६६० न्यूटन-मीटर भारमोटारीने विरोध म्हणून लावायचे असतात, म्हणजे परीक्षेच्या मोटारीला आपण टनावारी वजनाची टोपली फिरवत आहोत असेच वाटते. खरी टोपली ही ऊर्जा पोटात साठवते, तर भारमोटार ती त्याच क्षणी डी.सी. वाहिनीवर परत देते. ब्रेकच्या वेळी खरी टोपली साठलेली ऊर्जा परत करते, तर भारमोटार ती वाहिनीकडून उसनी घेऊन शाफ्टवर देते. शाफ्टच्या बाजूने पाहिले तर दोन्हींत काहीच फरक दिसत नाही.

लोखंडी फ्लायव्हीलला जे कधीच जमले नसते ते इथे पुढे येते, कारण या यंत्राचे जडत्व एकाच घाण्यात बदलत राहते. मॅसेक्विट टोपलीत पडतो तेव्हा तो स्वतः फिरत नसतो, त्याला टोपलीच्या वेगाला आणावे लागते, म्हणून वेग स्थिर असतानाही टॉर्क लागतो; २० सेकंदांत जडत्व ४०० वरून १००० झाले आणि वेग २०० फेरे असला, तर या एकाच कारणाने ६२८ न्यूटन-मीटरची मागणी येते. मळी बाहेर जाताना उलट हिशोब लागू होईल, म्हणजे जडत्व घटले म्हणून मोटारीला टॉर्क परत मिळेल, असे घाईने वाटते, पण ते खरे नसते, कारण बाहेर पडणारी मळी आपल्या वाट्याची गती सोबत घेऊन जाते आणि टोपलीला काहीच देत नाही. एकच सूत्र दोन्हीकडे ठोकून बसवणाऱ्या प्रतिमानात भारमोटार मळी गळताना मोटारीला नसलेली मदत करील, आणि तो ड्राइव्ह बेंचवर उत्तीर्ण होऊन कारखान्यात मात्र कमी पडेल. अनुकरणाची पहिली अट इलेक्ट्रॉनिक्सच्याही आधी येते : ज्या यंत्राचे सोंग आणायचे त्याची ओळख पक्की हवी.

सरळ दिसणारी फसवी वाट

भारमोटारीला किती टॉर्क लावायला सांगायचा, हे ठरवण्याची पहिली सुचणारी पद्धत अशी : शाफ्टचा वेग मोजावा, तो किती झपाट्याने बदलतो आहे ते काढावे, म्हणजे गणिताच्या भाषेत त्याचे विकलन करावे, त्याला कमी पडणाऱ्या जडत्वाने गुणावे आणि तेवढा विरोध लावावा. ही पद्धत कागदावर निर्दोष असली तरी प्रत्यक्षात दोन ठिकाणी अडखळते.

पहिली अडचण मापनाची असते. शाफ्टचा कोन मोजणारा एन्कोडर एका फेऱ्याचे समजा ४०९६ भाग करतो आणि संगणक दर एक हजारांश सेकंदाला ते मोजतो. एक भाग इकडचा तिकडे झाला की वाचलेल्या वेगात मिनिटाला जवळपास १५ फेऱ्यांची उडी पडते, आणि मोजणी दहापट जलद केली तर ही उडी १४६ फेऱ्यांची होते. अशा उड्या मारणाऱ्या आकड्यांतील फरक घेऊन त्याला मोठ्या जडत्वाने गुणले, की हाती टॉर्क येण्याऐवजी खडखडाट येतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि ती मापन बिनचूक केले तरी सुटत नाही. संगणक जी वेगवाढ वापरतो ती नेहमी एक पाऊल मागची असते. बेंचचे स्वतःचे जडत्व ०.१ आहे, अनुकरण ०.३ चे करायचे आहे आणि मोटारीने ३० न्यूटन-मीटर टॉर्क लावला आहे, असे समजू. अपेक्षित वेगवाढ दर सेकंदाला १०० रेडियन आहे. पहिल्या पावलाला भारमोटारीला अजून काहीच कळलेले नसते, म्हणून शाफ्ट ३०० ने उसळतो. दुसऱ्या पावलाला ती मागच्या ३०० ला ०.२ ने गुणून ६० न्यूटन-मीटर विरोध लावते, त्यामुळे वेगवाढ उणे ३०० होते. तिसऱ्या पावलाला ती उलट ६० न्यूटन-मीटर मदत करते आणि वेगवाढ ९०० वर जाते. पुढचे आकडे उणे १५०० आणि मग ३३०० असे येतात. हवा असलेला १०० हा आकडा कुठेच येत नाही आणि काही पावलांतच संरक्षक यंत्रणा बेंच बंद करते. जडत्व ०.१५ चेच करायचे असते तर हेच गणित ३००, १५०, २२५, १८७.५ अशी पावले टाकत २०० या बरोबर उत्तराकडे सरकले असते. एका पावलाचा उशीर असलेली ही साधी पद्धत बेंचच्या स्वतःच्या जडत्वाच्या दुपटीच्या आतच टिकते, आणि सेंट्रिफ्युगलच्या उदाहरणात तर शंभरपट जडत्व हवे होते. मोजमाप गाळून गुळगुळीत केले तर खडखडाट कमी होतो, पण गाळण्यात आणखी उशीर लागतो, आणि उशिरा आलेले उत्तर खऱ्या ओझ्याचे उत्तर राहत नाही.

उलट दिशेने जाणारी वाट

यावर निघालेला तोडगा प्रश्नच उलटा मांडतो. वेग मोजून टॉर्क काढण्याऐवजी परीक्षेच्या मोटारीचा टॉर्क घ्यायचा, मग तो शाफ्टवरच्या टॉर्क-संवेदकाकडून घेतलेला असो वा ड्राइव्हच्या प्रवाहावरून काढलेला, आणि या टॉर्कखाली खरे यंत्र आत्ता किती वेगाने फिरले असते ते प्रतिमानाला विचारायचे. प्रतिमान टॉर्कमधून ओझ्याचा विरोध वजा करते, बाकीला जडत्वाने भागते आणि मिळालेल्या वेगवाढीची बेरीज करत जाते. आलेला वेग भारमोटारीच्या वेग-नियंत्रकाला दिला की ती शाफ्टला नेमक्या त्याच वेगावर धरून ठेवते. इथे फरक घेण्याच्या जागी बेरीज आली, आणि बेरजेत मापनातील बारीक उड्या एकमेकींना छेदून विरतात. खात्यावर रोज जमा-खर्चाची चढउतार झाली तरी शिल्लक रोज तेवढी उडत नाही, तसेच हे आहे. आणखी एक लाभ असा, की जडत्व मोठे असेल तर वेग सावकाश बदलतो आणि अनुकरण सोपे होते. पहिल्या पद्धतीत जे सर्वांत कठीण होते तेच इथे सर्वांत सुकर ठरते.

मात्र या वाटेवरही एक खाच आहे. भारमोटारीचा वेग-नियंत्रक हुकूम मिळताच त्या वेगावर पोहोचत नाही, त्याला स्वतःचा थोडा वेळ लागतो, आणि हा वेळ ओझ्याच्या वागण्यात नकळत मिसळतो. केवळ वेगाचा आलेख पाहिला तर चूक दिसत नाही. परंतु परीक्षेच्या ड्राइव्हचे स्वतःचे वेग-नियंत्रण चालू केले की त्याला खऱ्या यंत्राऐवजी ‘यंत्र अधिक बेंचची दिरंगाई’ असे मिश्र ओझे मिळते आणि निकाल चुकतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात हाकान अकपोलात, ग्रेग अॅशर आणि जॉन क्लेअर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाचे महत्त्व इथे आहे. भारमोटारीच्या वेग-नियंत्रणाची दिरंगाई आधी जाणून घेऊन ती प्रतिमानातच उलट बाजूने भरून काढली, तर परीक्षेच्या ड्राइव्हला ओझ्याची गतिकी जशीच्या तशी मिळते, हे त्यांनी दोन व्हेक्टर-नियंत्रित यंत्रांच्या जोडीवर दाखवले आणि घर्षणासारख्या वाकड्या स्वभावाच्या ओझ्यांपर्यंत ते नेले. तेव्हापासून या विषयात ‘भार लावता येतो का’ याऐवजी ‘ड्राइव्हचे नियंत्रण चालू असताना भार खऱ्यासारखा वागतो का’ हा प्रश्न कळीचा मानला जातो.

घाट, चाक आणि वारा

मोटारगाड्यांच्या क्षेत्रात ही पद्धत सर्वांत जास्त रुळली आहे. १२०० किलोग्रॅम वजनाच्या, ०.३ मीटर त्रिज्येची चाके आणि मोटारीच्या नऊ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा देणारा गिअर असलेल्या विजेच्या गाडीचे सारे वजन मोटारीच्या शाफ्टवरून पाहिले तर अवघ्या १.३३ किलोग्रॅम-वर्गमीटर जडत्वासारखे वाटते. रस्त्यावर १० मीटर गेल्यावर १ मीटर उंची गाठणारा चढ लागला की याच शाफ्टवर सुमारे ३९ न्यूटन-मीटरचा जादा टॉर्क येतो, आणि उतार लागला की तेवढाच टॉर्क उलट बाजूने मोटारीला ढकलू लागतो. हे आकडे प्रतिमानात घातले की बेंचवर हवा तो घाट उभा राहतो, भर उन्हाळ्यात चढता येतो आणि तंतोतंत तसाच शंभरदा चढता येतो. रस्त्यावरच्या चाचणीत दोन फेऱ्या कधीच एकसारख्या होत नाहीत. कसारा आणि बोर या मुंबईलगतच्या दोन्ही रेल्वे घाटांत ३७ ला १ असा चढ आहे, म्हणजे १००० टनांच्या गाडीला केवळ गुरुत्वाकर्षणच सुमारे २७ टन वजनाइतक्या जोराने मागे ओढते, आणि अशा चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणे ही कर्षण-मोटारींची कठोर परीक्षा असते. थांबलेल्या शाफ्टवर पूर्ण टॉर्क लावू शकणारी भारमोटार हा प्रसंग प्रयोगशाळेत घडवू शकते.

संपूर्ण गाडी तपासायची असेल तर तिची चाके रुळांसारख्या मोठ्या रोलरवर ठेवतात आणि रोलरला जोडलेली मोटार गाडीचे वजन, हवेचा विरोध आणि चढ यांचे अनुकरण करते. पूर्वी यासाठी वेगवेगळ्या मापांची फ्लायव्हील लागत, आता जडत्वाचा बराचसा भाग विजेनेच दिला जातो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांच्या चाचण्या आणि प्रमाणन यांचे काम करते, आणि भारतीय प्रमाणनात वापरले जाणारे, ११८० सेकंदांचे व कमाल ताशी ९० किलोमीटर वेगाचे ठरावीक चालन-चक्र अशाच रोलरवर गाडी चालवून पुरे करतात. विजेच्या गाडीच्या मोटारीची सलग तीस मिनिटे टिकणारी कमाल शक्ती मोजण्याचे ‘एआयएस ०४१’ हे मानकही शाफ्टवर नियंत्रित भार लावल्याशिवाय पाळता येत नाही.

हेच तंत्र उलटे वापरले की भारमोटार ओझ्याऐवजी चालक होते. पवनचक्कीचे जनित्र तपासताना मोठी मोटार पात्यांची आणि वाऱ्याच्या झोतांची भूमिका करते. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातील क्लेमसन विद्यापीठाच्या केंद्रात असे बेंच १५ मेगावॅट क्षमतेपर्यंत गेले आहे. दुसऱ्या टोकाला, काही प्रयोगशाळांत आता शाफ्टही उरलेला नाही. मोटार आणि ओझे या दोघांचे अनुकरण करणारे शक्तिशाली इलेक्ट्रॉनिक उपकरण थेट ड्राइव्हच्या तारांना जोडतात आणि काहीही न फिरता ड्राइव्हची परीक्षा होते.

जे सोंग आणता येत नाही

सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी मराठीत म्हण आहे. टेस्ट बेंचच्या बाबतीत पैशाची जागा चपळाईने घेतली आहे. भारमोटारीचा टॉर्क कितीही झटकन बदलला तरी त्याला सेकंदाचा काही हजारावा भाग लागतोच, आणि वेग-नियंत्रण त्याहून संथ असते. त्यामुळे सेकंदाला काही मोजक्या वेळा होणाऱ्या बदलांचे अनुकरण उत्तम होते, दहा-वीस वेळा होणाऱ्या बदलांचे बरे होते, आणि गिअरचे दात एकमेकांवर आपटण्यासारख्या क्षणिक धक्क्यांचे नीट होत नाही. त्यातच शाफ्ट आणि कपलिंग ही पूर्ण ताठ नसून पिळल्या जाणाऱ्या स्प्रिंगसारखी असतात, प्रत्येकी ०.१ जडत्वाच्या दोन मोटारी २०,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन ताठपणाच्या कपलिंगने जोडल्या तर ही जोडी सेकंदाला सुमारे १०० वेळा आपोआप कंप पावू पाहते, आणि त्या वारंवारतेच्या आसपास बेंच जे दाखवते तो ओझ्याचा स्वभाव नसून बेंचचाच असतो. उष्णता, धूळ, ओल आणि बेअरिंगवर आडवा पडणारा भार यांचे अनुकरण तर शाफ्टवरच्या टॉर्कने होतच नाही. सेंट्रिफ्युगलमधील लगदा एका बाजूला जास्त बसला की टोपली जी डुलते, तिचा भारमोटारीला पत्ताही नसतो.

म्हणून बेंचवर उत्तीर्ण झालेला ड्राइव्ह घेताना खरेदीदाराने प्रमाणपत्रावरील किलोवॅटच्या आकड्यावर थांबू नये. कोणत्या यंत्राचे प्रतिमान वापरले, परीक्षा ड्राइव्हचे वेग-नियंत्रण चालू ठेवून घेतली की आधी नोंदवलेला टॉर्क नुसता परत वाजवला, आणि अनुकरण सेकंदाला किती बदलांपर्यंत खरे होते, हे तीन प्रश्न विचारावेत. नोंदवलेला टॉर्क परत वाजवणारे बेंच मोटारीला उत्तर देत नसते, त्यामुळे त्यावरून ड्राइव्हच्या स्थैर्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत असतील तर बेंचवरची परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावरच्या शेकडो तासांची जोखीम वाचवते. मिळत नसतील तर ड्राइव्हची पहिली खरी परीक्षा कारखान्यातच होते, आणि तिचे शुल्क कारखाना भरतो.